चुंबक प्रवाहाला ढकलत नाही, सांधा बदलतो

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवणाऱ्या एखाद्या कारखान्यात गेला असाल, तर व्हॅट रंगांची गंमत पाहिली असेल. कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घातलेल्या पाण्यातून सूत बाहेर काढलं की ते एका रंगाचं दिसतं, आणि हवा लागली की बघता बघता दुसराच रंग चढतो. निळीत तर हे अगदी ठळक दिसतं. पिवळसर हिरवी लड उचलून झटकली की काही मिनिटांत ती निळी होते. हवेतला ऑक्सिजन रंगाच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि रेणूतली इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते, एवढंच त्यामागचं रसायनशास्त्र.

हे रंगाचे रेणू म्हणजे मुख्यतः कार्बनची कडी. त्यात एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, मग पुन्हा एकेरी अशी आळीपाळी असते. अशा रचनेत काही इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूला चिकटून राहत नाहीत, ते सगळ्या रेणूभर पसरतात. त्यांना वरच्या पातळीवर न्यायला दृश्य प्रकाशाची ऊर्जा पुरते. पांढऱ्या उजेडातला तेवढा भाग रेणू गिळतो, उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो आणि चादर लाल किंवा निळी दिसते.

आता हेच पसरलेले इलेक्ट्रॉन विजेच्याही कामाचे आहेत. एका रेणूवर जादा इलेक्ट्रॉन ठेवला, तर तो शेजारच्या रेणूवर उडी मारू शकतो. उड्या मारत मारत तो या टोकाचा त्या टोकाला पोहोचला की झाला विद्युत प्रवाह. या घराण्यातल्या पदार्थांना सेंद्रिय अर्धवाहक म्हणतात. वीज वाहणाऱ्या पॉलिमरच्या शोधाबद्दल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना 2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी 1987 मध्ये कोडॅक कंपनीतल्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी अशाच पदार्थांच्या पातळ थरांतून कमी व्होल्टेजवर चांगला उजेड काढून दाखवला होता. आज तुमच्या हातातल्या फोनचा पडदा ओएलईडी किंवा ॲमोलेड असेल, तर तो त्याच कामाचा वंशज आहे. (रस्त्यावरचे एलईडी दिवे वेगळे, त्यात कार्बनचे रेणू उजेड देत नाहीत.) ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये तर साध्या निळीचे ट्रान्झिस्टर करून झालेत.

अशा उपकरणाजवळ चुंबक नेला तर काय होतं, हा या लेखाचा विषय. उत्तर विचित्र आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

उपकरण दिसायला अगदी साधं असतं. काचेची छोटी पट्टी, तिच्यावर वीज वाहणारा पारदर्शक थर, त्यावर सेंद्रिय पदार्थाचा साधारण 100 नॅनोमीटर जाडीचा थर, म्हणजे मायक्रॉनचा दहावा भाग, आणि सगळ्यात वर ॲल्युमिनियमसारख्या धातूचा मुलामा. दोन तारा जोडायच्या, काही व्होल्ट द्यायचे आणि प्रवाह मोजायचा. यात लोखंड नाही, निकेल नाही, चुंबकाला चिकटेल असं काहीही नाही.

2003-04 च्या सुमारास हे उपकरण चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवून पाहणाऱ्यांना धक्का बसला. पोलंडचे यान कालिनोवस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चुंबकीय क्षेत्रात उजेडात आणि प्रवाहात बदल दिसला. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मार्कुस वोलगेनांट यांच्या गटाने पॉलिफ्लुओरिन नावाच्या पॉलिमरवर मोजमाप केलं, तर व्होल्टेज तेच ठेवूनही 10 मिलिटेस्लाच्या क्षेत्रात अवरोध दहा टक्क्यांपर्यंत बदलला. तेही नेहमीच्या खोलीच्या तापमानाला.

10 मिलिटेस्ला म्हणजे किती? फोनमध्ये होकायंत्राचं ॲप असेल तर ते उघडून बघा. सोलापुरात उघड्या मैदानावर आकडा 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास दिसेल. हे पृथ्वीचं क्षेत्र. घरात लोखंडी कपाटाजवळ किंवा स्लॅबच्या सळयांजवळ तो इकडेतिकडे होतो. 10 मिलिटेस्ला म्हणजे त्याच्या अडीचशे पट, ऐकायला बरंच वाटतं, पण फ्रीजच्या दाराला चिकटवायचा साधा चुंबकही पृष्ठभागाला टेकवला तर साधारण तेवढंच क्षेत्र देतो. चुंबकामुळे अवरोध भरपूर बदलणारे धातूंचे थर आधीपासून माहीत होते. आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबेर्ग यांनी ते 1988 मध्ये शोधले आणि त्यांना 2007 चं नोबेल मिळालं. पण त्या थरांत लोखंडासारखे चुंबकीय धातू मुद्दाम घातलेले असतात. इथे तसं काही नसताना दहा टक्के आले कुठून?

अकरावी-बारावीत शिकलेलं पहिलं उत्तर असं की, चुंबकीय क्षेत्रात धावणारा इलेक्ट्रॉन वाकतो, त्याची वाट लांबते आणि अवरोध वाढतो. पण ते इथे लागू पडत नाही. वाकायला आधी धावावं लागतं. सिलिकॉनच्या मानाने अशा प्लास्टिकमध्ये इलेक्ट्रॉनची गतिशीलता सुमारे दहा लाख पटींनी कमी असते. तो धावत नाहीच, रेंगाळत उड्या मारतो. हिशेब केला तर 10 मिलिटेस्लाला होणारा बदल दशांश चिन्हानंतर सतरा शून्यं आणि मग एक, इतका येतो. शिवाय उपकरण आडवं-तिरपं फिरवलं, तरी दिसणारा बदल जवळपास तोच राहतो. वाकण्याने होणारा परिणाम असा वागत नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे, आणि माझ्या मते या विषयातली खरी गंमत तिच्यातच आहे. खोलीच्या तापमानाला प्रत्येक कणाला उष्णतेचे जे हिसके बसत असतात, त्यांची ऊर्जा साधारण 25 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. आपल्या मे महिन्यातल्या 43 अंशांना ती 27 होते. 10 मिलिटेस्लाचं क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत जो फरक पाडतं, तो जेमतेम एक मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे उष्णता वीस हजार पटींनी दांडगी. एवढ्या गोंधळात त्या चिमूटभर फरकाला कोण विचारतो?

याच युक्तिवादाने आपण चुंबकीय ब्रेसलेट आणि चुंबकीय पाणी विकणाऱ्यांना गप्प करतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत असा एखादा माणूस टेबल मांडून बसलेला दिसला की पहिला प्रश्न हाच विचारावा. पण सेंद्रिय अर्धवाहकाने हा युक्तिवाद नीट तपासून घ्यायला लावलं. कारण उष्णता दांडगी आहे हे खरं असलं, तरी प्रश्न ऊर्जेचा नव्हताच.

होटगी जंक्शनला सोलापूरहून आलेली गाडी वाडीकडे जाणार की विजापूरकडे, हे सांध्यावर ठरतं. सांधा हलवायला लागणारा जोर आणि हजारो टनांच्या मालगाडीची ऊर्जा यांची तुलना करून कुणी म्हणणार नाही की एवढासा सांधा गाडीला काय वळवणार. सांधा गाडीला ढकलत नाही. गाडी इंजिनाच्या जोरावर चाललेली असते, सांधा फक्त कुठला रूळ जोडलेला आहे ते ठरवतो. आपल्या उपकरणात इंजिनाचं काम बॅटरी करते आणि उष्णता उड्या मारायला मदत करते. चुंबकीय क्षेत्र फक्त सांध्याला हात घालतं. तो सांधा म्हणजे इलेक्ट्रॉनचं स्पिन.

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. एका जागी, एकाच पातळीत दोन इलेक्ट्रॉन बसायचे असतील तर त्यांची स्पिनं परस्परविरुद्ध असावी लागतात. हा पाउलीचा नियम, आणि निसर्ग त्याला अपवाद करत नाही. दोन इलेक्ट्रॉनची जोडी एकूण चार प्रकारे लागू शकते. एका प्रकारात स्पिनं एकमेकांना पूर्ण खोडतात, त्याला सिंगलेट म्हणतात. उरलेले तीन प्रकार म्हणजे ट्रिप्लेट.

समजा, थरात एका रेणूवर एक इलेक्ट्रॉन आधीच अडकून बसलाय. मागून दुसरा आला आणि त्याला पुढे जायला याच रेणूवरून वाट आहे. दोघांची जोडी सिंगलेट असेल तर दुसरा त्याच रेणूवर क्षणभर बसून पुढे सटकू शकतो. ट्रिप्लेट असेल तर नियम आडवा येतो आणि त्याला शेजारच्या रेणूवर थांबून राहावं लागतं. प्रवाह तिथे तुंबतो.

थांबलेल्या काळात काय घडतं ते जवळून बघू. या रेणूंमध्ये कार्बनला हायड्रोजन जोडलेले असतात आणि हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, हाही एक छोटा चुंबक असतो. नेहमीच्या कार्बनच्या केंद्रकाला असं चुंबकत्व नसतं, म्हणून इथे सगळी मदार हायड्रोजनवर. इलेक्ट्रॉन ज्या रेणूवर पसरलाय, त्यातले सगळे हायड्रोजन मिळून त्याला काही मिलिटेस्लाचं क्षेत्र जाणवून देतात. प्रत्येक रेणूवर या क्षेत्राची दिशा वेगळी, कसलाच मेळ नसलेली. इलेक्ट्रॉनचं स्पिन आपल्या रेणूवरच्या त्या क्षेत्राभोवती शंकूच्या आकारात घुमत राहतं. 1 मिलिटेस्लाला हा वेग सेकंदाला 2 कोटी 80 लाख फेऱ्या, म्हणजे एक फेरी साधारण 36 नॅनोसेकंदांत. शेजारच्या रेणूवरचं स्पिन वेगळ्या अक्षाभोवती घुमतंय. त्यामुळे सुरुवातीला एकाच दिशेला असलेली दोन स्पिनं थोड्या वेळात एकमेकांशी फटकून वागू लागतात. ट्रिप्लेट असलेली जोडी अंशतः सिंगलेट होते, सांधा जुळतो आणि तुंबलेला इलेक्ट्रॉन पुढे सरकतो.

आता बाहेरून 10 मिलिटेस्लाचं क्षेत्र लावा. हायड्रोजनच्या क्षेत्रापेक्षा ते मोठं असल्यामुळे दोन्ही स्पिनं आता जवळपास एकाच अक्षाभोवती, जवळपास एकाच वेगाने घुमू लागतात. एका दिशेला होती ती एका दिशेलाच राहतात. तीन ट्रिप्लेटपैकी दोन असे बाजूला पडतात, फक्त एकाचं सिंगलेटशी मिसळणं चालू राहतं. थांबलेल्या इलेक्ट्रॉनला जास्त वेळ थांबावं लागतं आणि प्रवाह घटतो. क्षेत्र आणखी वाढवलं तर फारसा फरक पडत नाही, कारण अडवायचं होतं ते अडवून झालेलं असतं. म्हणूनच आलेख आधी झपकन बदलतो आणि मग सपाट होत जातो.

मग उष्णता ही स्पिनं विस्कटून का टाकत नाही? कारण तिचा हात तिथवर पोहोचत नाही. उष्णता म्हणजे अणूंची थरथर, आणि ती थरथर स्पिनपर्यंत जायला इलेक्ट्रॉनच्या फिरण्याचा आणि स्पिनचा एक दुवा लागतो. जड अणूंमध्ये तो दुवा घट्ट असतो, कार्बन-हायड्रोजनसारख्या हलक्या अणूंत अगदी लुळा. त्यामुळे आजूबाजूला एवढा दंगा चालू असताना स्पिन आपली दिशा मायक्रोसेकंदांच्या हिशेबात सांभाळून ठेवतं. घुमायला दहा-वीस-पन्नास नॅनोसेकंद पुरतात, म्हणजे वेळ भरपूर आहे. इलेक्ट्रॉन रेंगाळत चालतो, हा या पदार्थांचा दोष इथे उपयोगी पडतो. तो सिलिकॉनमधल्यासारखा सुसाट निघून गेला असता, तर स्पिनला घुमायला सवडच मिळाली नसती.

वर सांगितलेलं चित्र नेदरलँड्समधल्या आयंडहोव्हनच्या पीटर बॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मांडलं. ते समजायला सोपं म्हणून मी ते निवडलं, पण ते एकटंच नाही. उजेड देणाऱ्या उपकरणात एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात आणि दुसऱ्या बाजूने होल, म्हणजे इलेक्ट्रॉन नसलेल्या, धन विद्युतभारासारख्या वागणाऱ्या जागा. त्यांच्या जोड्यांनाही सिंगलेट-ट्रिप्लेटचा तोच नियम लागतो. जोडी कुठल्या प्रकारची आहे त्यावर ती विझणार की पुन्हा सुटून प्रवाहात येणार, हे ठरतं. तिसऱ्या एका चित्रात, तयार झालेली ट्रिप्लेट उत्तेजित अवस्था जाणाऱ्या-येणाऱ्या इलेक्ट्रॉनशी टक्कर घेते. पदार्थ कुठला, व्होल्टेज किती, तापमान किती, त्याप्रमाणे कधी प्रवाह वाढतो तर कधी घटतो. यातलं कुठलं चित्र खरं यावर संशोधकांनी बराच वाद घातला. मला त्या वादात फार अर्थ वाटत नाही, कारण तिन्ही चित्रांत सांधा एकच आहे, फक्त रुळांची मांडणी निराळी.

सांध्याला हायड्रोजनचा हात आहे, हे तपासायची पद्धत मात्र फार देखणी निघाली. अमेरिकेच्या युटा विद्यापीठात वार्देनी यांच्या गटाने 2010 मध्ये एकच पॉलिमर दोन प्रकारे तयार केला. एकात साधा हायड्रोजन आणि दुसऱ्यात त्याच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघं जवळजवळ सारखे. रंगाने, बंधांनी, ऊर्जेने ओळखू येणार नाहीत असे जुळे. पण ड्युटेरियमच्या केंद्रकाचं चुंबकत्व प्रोटॉनच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच असतं. हायड्रोजनचं क्षेत्र खरंच कारण असेल, तर ड्युटेरियमवाल्या पॉलिमरमध्ये त्याला दाबून टाकायला बाहेरचं क्षेत्रही कमी लागायला हवं, म्हणजे आलेख अरुंद व्हायला हवा. तसाच झाला.

आणि आता पुन्हा रंगाकडे. 2013 मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात महातो, व्हॅन डर वील आणि सहकाऱ्यांनी पेरिलीन घराण्यातल्या एका रंगाचे रेणू झिओलाइटच्या स्फटिकात भरले. झिओलाइट आपल्याला परका नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत पांढरे-गुलाबी स्फटिक सापडतात, त्यातले बरेचसे झिओलाइटच. त्यांनी वापरला तो प्रयोगशाळेत बनवलेला प्रकार होता. त्यात एक नॅनोमीटरच्या आसपासच्या रुंदीचे सरळ बोगदे असतात, आणि त्या बोगद्यांत रंगाचे रेणू एकामागे एक, एकेरी रांगेत बसतात. साध्या थरात एका रेणूवर वाट अडली तर इलेक्ट्रॉन बाजूने वळसा घालून जातो, म्हणून परिणाम दहा-वीस टक्क्यांवर थांबतो. एकेरी रांगेत वळसा नाही. एक सांधा अडला की सगळी लाइन बंद. तिथे खोलीच्या तापमानाला, काही मिलिटेस्लाच्या क्षेत्रात अवरोध दोन हजार टक्क्यांहून जास्त वाढला. या विषयातला मला सर्वांत आवडलेला निकाल हाच, कारण सिद्धांत खरा असेल तर काय व्हायला हवं हे आधी कागदावर सांगता येत होतं आणि ते इतक्या ढोबळ आकड्याने समोर आलं.

जाता जाता पक्ष्यांबद्दल. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना पृथ्वीचं क्षेत्र कसं कळतं, याचं एक स्पष्टीकरण क्लाउस शुल्टेन यांनी 1978 मध्ये मांडलं, आणि त्यातली यंत्रणा हीच आहे. त्याच्या आजच्या रूपात, डोळ्यातल्या प्रथिनात प्रकाशामुळे इलेक्ट्रॉनची जोडी तयार होते आणि ती सिंगलेट की ट्रिप्लेट यावर पुढची रासायनिक क्रिया ठरते. युरोपातल्या रॉबिन पक्ष्यावर यासाठी बरेच प्रयोग झालेत. उजनीवर हिवाळ्यात उतरणारे पाहुणे वाट कशी शोधतात, यावर मात्र त्या प्रयोगांवरून काही ठोकून देऊ नये.

म्हणून ब्रेसलेटवाल्याने हा लेख दाखवला तर त्याला सांगा, क्षीण चुंबकाचा परिणाम होतो तो नुकत्याच तयार झालेल्या, काही नॅनो-मायक्रोसेकंद टिकणाऱ्या आणि दोन वेगळ्या वाटांच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जोड्यांवर. मनगटावरचा चुंबक सांधेदुखी घालवतो, असं त्यातून काहीही निघत नाही.

उपयोगाचं म्हणाल तर, युटामध्येच 2012 मध्ये ओएलईडीसारख्या सेंद्रिय थराचा चुंबकीय क्षेत्र मोजायला वापर करून दाखवला गेला. मघाचा 1 मिलिटेस्लाला 2 कोटी 80 लाख फेऱ्यांचा आकडा निसर्गाने ठरवलेला आहे. त्या वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडल्या की प्रवाहात खूण उमटते, आणि वारंवारता वाचली की क्षेत्र कळतं. उपकरण जुनं झालं, तापलं, तरी तो आकडा हलत नाही. फोनच्या पडद्यावर मात्र चुंबक धरून काही दिसायची आशा ठेवू नका. लाल आणि हिरव्या ठिपक्यांत बहुधा इरिडियमसारखा जड धातू असलेले रेणू वापरतात, आणि जड अणू आला की स्पिन विस्कटतं. शिवाय पडद्यामागचं सर्किट प्रवाह स्वतःच सांभाळत असतं. होकायंत्र तेवढं बिघडेल.

इथल्या एखाद्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला हे करून बघायचं असेल, तर निम्मं सामान विभागात असतंच. हॉल परिणामाच्या प्रयोगाचा विद्युतचुंबक चालतो. स्थिर व्होल्टेज देणारा स्रोत आणि मायक्रोॲम्पिअरपर्यंत नीट वाचणारा मीटर हवा. अवघड भाग उपकरण बनवण्याचा, कारण दमट हवेत सेंद्रिय थर आणि वरचा धातू लवकर खराब होतो. त्यासाठी नायट्रोजन भरलेली बंद पेटी लागते. आणि मोजताना एक पथ्य पाळायचं. चुंबक नसतानाही या उपकरणाचा प्रवाह हळूहळू घसरत असतो, म्हणून प्रत्येक मोजमापाच्या आधी आणि नंतर शून्य क्षेत्राला वाचन घ्यायचं आणि त्या दोघांच्या सरासरीशी तुलना करायची. चुंबक बंद केल्यावर त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं, त्यामुळे शून्य खरंच शून्य आहे का, तेही गॉसमीटरने बघायचं. मग ध्रुव उलटे करून सगळं पुन्हा मोजायचं. बदल वाढीचा असो की घटीचा, दोन्ही वेळा तो तसाच आला पाहिजे. वाढीच्या जागी घट आली, तर स्पिनकडे जाण्याआधी तारांची जोडणी तपासा.